मोझॅक, जाळी आणि मधली भिंत : लातूरच्या घराचं काम

लातूरमधलं आमचं घर आजोबांनी १९६४ साली बांधलं. वाडा नव्हे, त्या काळच्या नव्या धाटणीचं, सपाट आरसीसी स्लॅबचं. पुढे रुंद छज्जा, जिन्याला सिमेंटची जाळी, खिडक्यांच्या वर व्हेंटिलेटर आणि जागेवरच ओतून घासलेली मोझॅकची फरशी. दुरुस्ती निघाली तेव्हा घरातल्या बहुतेकांना मधली भिंत काढून मोठा हॉल आणि चकचकीत टाइल्स हव्या होत्या. एवढं सगळं गेल्यावर आजोबांचं म्हणून राहणार काय, हा माझा प्रश्न होता.

भिंतीचा निकाल इंजिनिअरने लावला. या घरात कॉलमच नाहीत, स्लॅबचा सगळा भार विटांच्या भिंतींवर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तो भाग भूकंपाच्या नकाशात झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आला. ९३ चं नाव निघाल्यावर अण्णांनी हॉलचा विषय पुन्हा काढला नाही.

मग स्लॅब. मिस्त्रींनी हातोडीने ठोकत सगळं छत तपासलं. न्हाणीच्या वर आवाज पोकळ आला. आतली सळई गंजली की फुगते आणि खालच्या काँक्रीटची खपली सुटते. सुटं झालेलं सगळं काढलं, सळई तारेच्या ब्रशने घासली, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टर भरलं. गच्चीचा कोबा नव्याने करताना उतार एका कोपऱ्याकडे घेतला आणि पावसाचं पाणी गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते या गावाने पाहिलंय, त्यामुळे या खर्चावर कुणी हरकत घेतली नाही.

खरा जीव फरशीत होता. वर टाइल्स चिकटवल्या असत्या तर जमीन उचलली गेली असती आणि सागवानी दारं खालून कापावी लागली असती. घासाईवाले मामा आले, पाणी टाकून एक कोपरा पुसला आणि म्हणाले, "ताई, हे झाकायलाव कशाला? असं ओतीव काम आता कोण करतंय?" वाद तिथेच मिटला. भेगांत पांढरं सिमेंट, हिरवा रंग आणि संगमरवराची बारीक खडी भरली. रंगाचे नमुने आधी करून पूर्ण वाळू दिले, कारण ओल्यात दिसतो तो रंग वाळल्यावर राहत नाही. नंतर जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत ओली घासाई, शेवटी ऑक्झॅलिकची पॉलिश. काचेच्या पट्ट्यांमधले हिरवे चौकोन इतके उठून आले की आई चप्पल बाहेर काढायला लागली.

जाळीचे फुटलेले ठोकळे सुताराकडून लाकडी साचा करून जागेवरच ओतले. वायरिंग पूर्ण बदललं, पण भिंतींना खाचा न मारता वरून पाइप नेले. व्हेंटिलेटर बुजवून एसी लावायचा आग्रह मी मानला नाही. एसी एकाच खोलीत बसवला, बाकी ठिकाणी वरून गरम हवा निघून जाते आणि छज्जा दुपारचं ऊन भिंतीवर येऊ देत नाही.

असं काम कुणी काढणार असेल तर फरशी पुसायला बाथरूमचं ॲसिड घरात आणूच नका. सिमेंट आणि संगमरवर दोन्ही त्याने खाल्लं जातं, पॉलिश उडते. साधं पाणी आणि सौम्य साबण पुरतो.