अध्ययन अक्षमता असलेल्या मुलीसाठी घरचा अभ्यासक्रम निवडताना : माझा अनुभव

माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत असताना तिला वाचन, लेखन आणि गणन या तिन्हींत अध्ययन अक्षमता असल्याचे निदान झाले आणि ते वर्ष संपताच आम्ही तिला घरी शिकवायचे ठरवले. त्यामागची कारणे इथे विस्ताराने सांगत नाही. भरलेल्या वर्गात तिच्याकडे वेगळे लक्ष देणे शाळेला जमत नव्हते आणि शाळेच्या वेळेआधी रोज तिच्या पोटात दुखू लागले होते, एवढे पुरे. मला लिहायचे आहे ते त्यानंतरचे. घरी शिकवायचे म्हणजे काय शिकवायचे, कोणत्या पुस्तकातून, कोणत्या क्रमाने आणि पुढच्या कोणत्या परीक्षेकडे पाहत, हे ठरवताना माझी खरी परीक्षा झाली, आणि मराठी माध्यमातल्या मुलांचा विचार करून लिहिलेले फारच थोडे हाती लागले.

सुरुवात निदानाच्या कागदांपासून करते, कारण अभ्यासक्रमाची निवड खरे तर तिथेच सुरू होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. अक्षमतेच्या दाखल्यासाठी आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यंक चाचणी होते आणि त्यानंतर वाचन, लेखन व गणिताच्या चाचण्या होतात. साधारण आठ वर्षांचे वय किंवा तिसरी पूर्ण झाल्यावर पहिले मूल्यमापन होते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी ते पुन्हा करावे लागते. मूल मराठीत शिकत असेल तर चाचणीही मराठीतच व्हावी, असा आग्रह पालकांनी अवश्य धरावा. नाहीतर मुलाची अडचण वाचनाची आहे की केवळ इंग्रजी परके असल्याची, हे कळायला मार्ग उरत नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. मात्र दाखल्यावर अक्षमतेचे नाव असते, मूल नेमके कोणत्या पायरीवर उभे आहे ते नसते. ते सविस्तर अहवालात असते, आणि तो अहवाल मागून घ्यावा लागतो.

आमच्या अहवालात ऐकून समजण्याची आणि तोंडी मांडणी करण्याची क्षमता वयापेक्षा थोडी पुढची, वाचन पहिलीच्या अखेरचे आणि गणित दुसरीच्या मध्यावरचे असे लिहिलेले होते. हे घरात रोज दिसतच होते. चौथीच्या ‘शिवछत्रपती’ या पुस्तकातला प्रतापगडाचा प्रसंग ती आजोबांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधला एकही दुवा न गाळता सांगत असे. शामियान्याच्या आत कोण होते, बाहेर कोण थांबले होते, इशारतीची तोफ कधी झाली, सगळे. त्याच धड्यावरच्या लेखी चाचणीत तिच्या उत्तरांच्या जागा कोऱ्या होत्या, आणि मिळालेले गुण इतिहासाचे म्हणून नोंदले गेले होते. अहवाल आणि ती उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आणि पुढची सगळी निवड त्यावरच केली: अशा मुलासाठी एका इयत्तेचा अभ्यासक्रम निवडता येत नाही. प्रत्येक विषय ते मूल जिथे उभे आहे तिथून घ्यावा लागतो आणि वाचता येत नाही म्हणून त्याचे ज्ञान अडवून ठेवायचे नाही, हे सांभाळावे लागते.

इंटरनेटवर सर्वांत आधी समोर येतात ते वाचन शिकवण्याचे अमेरिकी संच. ‘बार्टन’ आणि ‘ऑल अबाउट रीडिंग’ या दोन्हींची माहिती मी बारकाईने वाचली. दोन्ही ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी १९३०च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीवर आधारलेले आहेत आणि इंग्रजी वाचणाऱ्या मुलासाठी ते निश्चितच विचार करण्याजोगे आहेत. पण त्यांची सारी रचना इंग्रजी स्पेलिंगच्या अडचणींभोवती आहे, आणि शब्दाच्या शेवटी असणारा मूक ‘ई’ किंवा एकाच अक्षरगटाचे अनेक उच्चार ही मराठी वाचणाऱ्या मुलाची अडचण नव्हे. पद्धतीचा गाभा मात्र घेण्यासारखा आहे: एका वेळी एकच नवी गोष्ट, ठरलेला क्रम, डोळा, कान आणि हात यांचा एकत्र वापर, आणि न शिकवलेले काहीही मुलाला वाचायला न देणे.

हा गाभा देवनागरीत कसा बसवायचा, हे एका विशेष शिक्षिकेच्या मदतीने ठरवायला आम्हांला बराच काळ लागला, आणि तो काळ सत्कारणी लागला असे मी मनापासून सांगते. आमच्या मुलीची मोठी अडचण पहिल्या वेलांटीची होती. ‘किरण’ या शब्दात वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो, त्यामुळे ती डावीकडून वाचत आली की तिथेच अडखळत असे. म्हणून आम्ही बाराखडीचा रूढ क्रम बाजूला ठेवला. आधी काना, मग दुसरी वेलांटी, मग मात्रा आणि उकार, आणि पहिली वेलांटी त्यानंतर बऱ्याच काळाने. या क्रमाला मराठीच्या शुद्धलेखनाचीही साथ आहे, कारण शब्दाच्या अखेरचा इकार आपण दीर्घ लिहितो. पाणी, आजी, भाजी, घरी असे रोजच्या तोंडातले कितीतरी शब्द पहिल्या वेलांटीशिवाय वाचता येतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या कधीही एका आठवड्यात आणल्या नाहीत. एक अक्षर पक्के झाल्यावरच त्याचा जोडीदार येई. जोडाक्षरे शेवटी, आणि त्यांतही रफार अगदी शेवटी, कारण ‘गर्दी’तला र ऐकू येतो ‘द’च्या आधी आणि बसतो ‘दी’च्या डोक्यावर. प्रत्येक नवे अक्षर ती परातीतल्या रव्यात बोटाने गिरवत असे आणि गिरवताना उच्चार मोठ्याने करत असे.

या क्रमाला जुळणारी वाचनपुस्तके मिळवणे हे वेगळेच काम होते. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि ‘स्टोरीवीव्हर’ या मुलांच्या गोष्टींच्या मोफत संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळ्यांनुसार लावलेल्या आहेत, पण पहिल्या पातळीच्या गोष्टींतही जोडाक्षरे येतात, कारण ती पातळी गोष्टीच्या लांबी-सोपेपणावर ठरते, अक्षरांवर नव्हे. मी त्या पुस्तकांचे दोन गठ्ठे केले. तिने स्वतः वाचायचा मजकूर मी तिला येणाऱ्या अक्षरांतच लिहून काढला, आणि बाकीची पुस्तके आम्ही तिला वाचून दाखवली. पाठ्यक्रम पारखताना मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारत राहिले: या पानावरचे किती शब्द माझे मूल अंदाज न करता वाचू शकेल? ज्या संचाच्या विक्रेत्याला या प्रश्नाचा अर्थच कळला नाही, तो संच मी घेतला नाही, मग त्याचे मुखपृष्ठ कितीही सुंदर असो.

गणितात तिला पंचवीस लिहायला सांगितले की ती बावन्न लिहीत असे. आपण आधी ‘पंच’ म्हणतो आणि लिहितो मात्र दोन आधी. एकोणतीसमध्ये तर कानावर तीस पडते आणि कागदावर त्यातला तीन कुठेच नसतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागले होते. त्या वादात कोणाला काय वाटले असेल ते असो, माझ्या मुलीला ‘वीस पाच’ या वाचनाने आधार दिला यात मला तिळमात्र शंका नाही. शंभर मण्यांची माळ, दहा-दहा मणी आलटून पालटून दोन रंगांचे, हे आमचे मुख्य साधन झाले. आधी मणी मोजून दशक बोलायचे, मग एकक, मग लिहायचे, आणि हे पक्के झाल्यावर त्याच संख्येला पंचवीस हे नाव जोडायचे. पाढ्यांचे पाठांतर बंद केले आणि पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून उदाहरणे सोडवायला दिली, म्हणजे भागाकार समजण्यासाठी सातचा पाढा पाठ होण्याची वाट पाहावी लागली नाही.

परिसर अभ्यास, इतिहास आणि विज्ञान हे विषय मात्र आम्ही तिच्या वयाच्या इयत्तेचेच घेतले, ऐकून आणि बोलून. माझे सासरे निवृत्त शिक्षक आहेत. “दहा वेळा लिहून काढल्याशिवाय अक्षर डोक्यात बसत नाही,” असे त्यांचे ठाम मत होते, आणि आमच्या निर्णयावर ते नाराज होते. त्यांचे मन वळवायला मी वाद घातला नाही; आप्पांनी रोज दुपारी पाचवीचे पुस्तक वाचून दाखवावे आणि नातीने तोंडी उत्तरे द्यावीत, एवढी विनंती केली. ती कोणते प्रश्न विचारते ते त्यांनी ऐकले, आणि पुढे विज्ञानाची उत्तरे ती सांगेल तशी स्वतःच वहीत उतरवून घेऊ लागले.

आता परीक्षेबद्दल, कारण नातेवाइकांचा पहिला प्रश्न तोच असतो. शिक्षण हक्क कायद्यात, गंभीर वा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी २०१२च्या दुरुस्तीने आलेला पर्याय सोडला, तर गृहशिक्षणाची वेगळी तरतूद नाही. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, अहवाल आणि रोजच्या कामाच्या वह्या मी नीट जपून ठेवते. राज्य मंडळातही अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना जादा वेळ, लेखनिक, भाषाविषयांत सूट अशा सवलती आहेत आणि ज्यांना शाळा सोडायची नाही त्यांच्यासाठी तो उत्तम मार्ग आहे. केंब्रिज या आंतरराष्ट्रीय मंडळाचा पर्याय इंग्रजीमुळे आणि खर्चामुळे आमच्यासाठी लगेचच मागे पडला. आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे वळलो. तिथे प्राथमिक स्तरावर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष अशा ए, बी, सी या तीन पातळ्या आहेत. दहावीच्या स्तराला पाच विषय लागतात, त्यांत भाषा किमान एक आणि कमाल दोन. मराठी माध्यम उपलब्ध आहे, गणित सक्तीचे नाही, गृहविज्ञान आणि चित्रकला हे विषय घेता येतात, आणि पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय सोडवता येतो. तीन भाषांच्या लेखनाशी एकाच वेळी झगडण्याची गरज उरत नाही, हे माझ्या मुलीसाठी निर्णायक ठरले.

गणित सोडण्याची मुभा आहे म्हणून ते आताच सोडून द्यायला मात्र मी तयार नाही. विज्ञान शाखा आणि तंत्रनिकेतन यांचे दरवाजे त्यावर अवलंबून असतात, आणि माळेवरून सुरू झालेले तिचे गणित आता तीन अंकी वजाबाकीपर्यंत, हातचा घेऊन, पोहोचले आहे. सध्या ती जोडाक्षरे वाचते, रफारापाशी थांबते आणि मग पुढे जाते. बी पातळीसाठी कोणत्या केंद्रात नाव घालायचे, तिथे लेखनिकाची सोय कशी आहे आणि तोंडी मूल्यमापनाला किती वाव आहे, याची चौकशी आम्ही करत आहोत. दहावीचे पाच विषय कोणते, हे चौदाव्या वर्षीचा नवा अहवाल हाती आल्यावर तिच्याशी बोलून ठरवू.