कोण भजी तळता गो हय?

मी रिलॅक्सेशन म्युझिक करते, म्हणजे योगा क्लास, स्पा, झोपेची ॲप्स अशा ठिकाणी जे हळू आवाजात चालू असतं ते. डोंबिवलीत घरातल्याच एका खोलीत स्टुडिओ आहे, बारा वर्षं झाली. बऱ्याच जणांना वाटतं की पाण्याचा आवाज टाकायचा, वर बासरी सोडायची, झालं काम. तसं नसतं हो. आणि ते कसं नसतं हे मला स्वतःला नीट कळलं ते या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, ठाण्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात.

काम असं होतं की त्या डॉक्टर बाईंना वेटिंग रूमसाठी समुद्रावरचं ४० मिनिटांचं इन्स्ट्रुमेंटल हवं होतं. त्यांचं कारण मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, पेशंट सुईला घाबरतात त्याहून जास्त त्या ड्रिलच्या आवाजाला घाबरतात, आतून तो आवाज आला की बाहेर बसलेला माणूस खुर्चीचा दांडा घट्ट पकडतो. गाणी लावून पाहिली, काही होत नाही, ड्रिल त्यातून आरपार येतं. घरी येऊन हिशोब केला तर खरंच आहे, ड्रिलमधलं टर्बाइन, म्हणजे हवेने फिरणारं बारीक चाक, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला पाच ते साडेसहा हजार, म्हणजे ती शिट्टी साधारण ५ ते साडेसहा हजार हर्ट्झवर बसते, आपला कान जिथे चांगलाच तिखट असतो तिथे. गाण्यात एवढ्या वर सतत फारसं काही नसतं. पण समुद्रात असतं! लाट फुटून फेस पसरतो आणि पाणी वाळूतून मागे जातं तेव्हाचा जो सळसळाट असतो तो या पट्ट्यातही येतो. म्हणजे समुद्र इथे शोभेला नव्हता, त्याच्याकडे काम होतं. हे मला आधीपासून माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

रेकॉर्डिंग मी वेळणेश्वरला केलं. आईचं माहेर गुहागर तालुक्यातलं, त्यामुळे लहानपणापासून तो किनारा माहितीचा. पौष वद्य अष्टमी मुद्दाम धरली. तिकडे भरतीची वेळ काढायची साधी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची, अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पहाटेचे सहा म्हणजे गावात जाग नाही, गाड्या नाहीत, आणि मुख्य म्हणजे वारा अजून मतलई असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा आणि हलका. दिवसा खारे वारे सुटले की माइकवर नुसतं भडभड ऐकू येतं, कितीही केसाळ कव्हर घाला. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, उधाण नाही, पाणी फार वर चढत नाही. साडेपाच ते सात मी अंधारात पुळणीवर बसून होते, हातात झूम कंपनीचा छोटा रेकॉर्डर, कानाला हेडफोन, पाय गार पडलेले. मधे एक होडी गेली इंजिन लावून, नंतर देवळातली घंटा, मग कावळे. कामाचं असं ३८ मिनिटं मिळालं आणि मी खूश होऊन परत आले.

आता जे चुकलं ते सांगते, कारण या धंद्यातल्या नवीन मुलांना बहुतेक हेच सगळं शिकवलं जातं.

३८ मिनिटांतली मला सगळ्यात सुंदर वाटलेली तीन मिनिटं मी काढली आणि त्यांचा लूप केला, जोड कुठे कळणार नाही असा. मग वाऱ्याची घरघर होती ती काढायला १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. मग मागे एक बारीक हिस्स होता तो काढायला डीनॉइज लावलं. त्यात काय करायचं असतं की जिथे काहीच चालू नाही असा तुकडा त्याला ऐकवायचा, म्हणजे तो नॉइज ओळखतो आणि सगळीकडून वजा करतो. मी दोन लाटांच्या मधला शांत तुकडा दिला. मग बारक्या लाटा वेटिंग रूममध्ये ऐकू येणार नाहीत म्हणून कॉम्प्रेसर, म्हणजे मोठी लाट दबली, छोटी वर आली. आणि शेवटी सगळं भव्य वाटावं म्हणून स्टिरिओ वायडनर, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे पसरवणारा. हेडफोनवर असं वाटत होतं की समुद्र खोलीभर पसरलाय. त्याच्यावर तानपुरा, एक मऊ पॅड, म्हणजे मागे सतत भरून राहणारा कीबोर्डचा सूर, आणि आमच्या बासरीवाल्या दादांकडून सफेद तीन पट्टीच्या मोठ्या बासरीवर भूप राग वाजवून घेतला. भूप अशासाठी की त्यात मध्यम नाही, निषाद नाही, कुठे ओढ लागत नाही, स्वर सुटा सुटा बसतो. टेम्पो मिनिटाला ४८ मात्रा, म्हणजे आठ मात्रांना दहा सेकंद, एका लाटेला एक आवर्तन, आणि माणूस शांत बसला की श्वासही साधारण त्याच चालीवर येऊ शकतो. कागदावर सगळं जुळत होतं.

शनिवारी सकाळी दवाखान्यात गेले. डॉक्टर आत कामात होत्या, रिसेप्शनवरच्या मुलीने ट्रॅक लावला. छतात चार छोटे स्पीकर, एकाच ॲम्प्लिफायरवर, मोनो, म्हणजे डावं-उजवं मिसळून सगळीकडे एकच आवाज. हे मी आधी विचारायला हवं होतं, विचारलं नव्हतं. आणि आवाज सुरू झाला आणि माझ्या पोटात गोळाच आला. समुद्र नव्हताच तिथे. एक पातळ, सपाट, न थांबणारा चर्रर्र आवाज आणि त्याच्यावर बासरी.

समोर एक आजी बसल्या होत्या, नऊवारी, गाल सुजलेला, सोबत नातू. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं असेल आणि रिसेप्शनच्या मुलीला विचारलं, "कोण भजी तळता गो हय?"

नातू ओशाळला, म्हणाला आजी गप, तो समुद्र आहे. आजींनी वर स्पीकरकडे पाहिलं आणि ठाम मान हलवली. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले, म्हटलं आजी, हे मी बनवलंय, काय चुकलंय ते मला खरंच सांगा. त्यांना जरा वाईट वाटलं असावं, पण सांगितलं. "समुद्र असो सतत वाजना नाय गो बाय. तो येता, फुटता, मगे थांबता. आणि जाताना वाळू ओढून नेता, तेचो आवाज खंय हा?"

हे बोलताना त्यांनी हात पुढे केला, पालथा, आणि मांडीवरून हळूच मागे ओढून घेतला, नऊवारीच्या कापडाचा सुर्रर्र आवाज झाला. तो हात मला अजून दिसतो.

तेवढ्यात आत ड्रिल सुरू झालं. माझ्या समुद्रातून ते सुईसारखं आलं. आजींनी नातवाचं मनगट धरलं.

मला तिथेच बसल्या जागी कळलं मी काय केलंय. दोन लाटांच्या मधला जो 'शांत' तुकडा मी डीनॉइजला दिला होता ती शांतता नव्हतीच, ते परत जाणारं पाणी होतं. मी त्या मशीनला सांगितलं की हा कचरा आहे, आणि त्याने इमानदारीत तो सगळीकडून काढला. समुद्रातून समुद्र वजा केला मी. ड्रिलला झाकणार होता तोच सळसळाट गेला. १२० च्या खाली कापल्यामुळे लाट आपटतानाचा धप्प गेला, तो धप्प असतो म्हणून वरचा फेस हा फेस वाटतो, नाहीतर ते तेलच वाटणार. आणि वायडनरने जे डावी-उजवीकडे पसरवलं होतं त्यातलं उलट्या फेजमधलं, म्हणजे एकीकडे लहर वर तेव्हा दुसरीकडे खाली असं, मोनोमध्ये एकमेकांना खाऊन गेलं. निघताना रिसेप्शनवरची मुलगी हळूच म्हणाली, "ताई, मागच्या आठवड्यात तुम्ही पाठवलेलं मी लावून ठेवायचे, ती एक मोठी लाट दर थोड्या वेळाने तशीच येते ना, मी आता तिची वाटच बघते, मग कामात लक्ष लागत नाही." दिवसाचे आठ तास तिथे तीच बसते, आणि तिचा मी विचारच केला नव्हता.

डॉक्टरांना म्हटलं मला बुधवारपर्यंत वेळ द्या. त्या म्हणाल्या, आजींचं रूट कॅनल आहे, पुढचं सिटिंग बुधवारीच आहे, बघा.

घरी येऊन सगळं पुसलं आणि वेळणेश्वरची मूळ फाइल परत उघडली. त्या रेकॉर्डरचे दोन माइक एक्स-वाय असतात, म्हणजे एकमेकांना तिरपे पण जवळजवळ एकाच जागी, त्यामुळे मूळ आवाज मोनोमध्ये छान टिकतो, तो मीच बिघडवला होता. यावेळी मी आख्खं मिक्स मोनोमध्ये आणि एका साध्या छोट्या स्पीकरवर केलं. खालचं फक्त ५० हर्ट्झपर्यंत कापलं आणि जिथे वाऱ्याचा झोत लागलाय तेवढ्याच जागा हाताने काढल्या. लूप नाही, मूळ रेकॉर्डिंगमधली ४० मिनिटं सलग, होडी, घंटा आणि कावळे जिथे होते तिथे दुसरीकडचे तुकडे जोडले. कॉम्प्रेसर नाही, त्याऐवजी प्रत्येक लाटेला व्हॉल्यूमची रेघ हाताने ओढली. ४० मिनिटांत साधारण २४० लाटा झाल्या, रविवार-सोमवार त्यातच गेले. पण त्या करताना पहिल्यांदा मी तो समुद्र नीट ऐकला. कुठलीच लाट दहा सेकंदांची नव्हती. एक आठ, एक तेरा, मधेच दोन जवळजवळ लागोपाठ, मग एवढा मोठा विराम की वाटावं रेकॉर्डिंग बंद पडलं.

आणि मग बासरी बसेना! ती क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या टिकटिक ठेक्यावर वाजवलेली, समुद्र क्लिकवर नाही. आधी मी सोपा उपाय केला, बासरी आली की समुद्र आपोआप खाली जाईल असं साइडचेन लावलं. ऐकलं आणि लगेच काढलं. कोणी वाजवायला लागलं म्हणून समुद्र मागे सरत नाही. शिवाय बासरीच्या फुंकेचा आवाज आणि फेसाचा आवाज जातीने एकच, दोन्ही हवाच, एकत्र आले की बासरी धुक्यात गेल्यासारखी होते. मग दादांना फोन केला. ते म्हणाले, "क्लिक विसर. मला नुसता समुद्र हेडफोनमध्ये दे, मी थांबून थांबून वाजवतो." मंगळवारी संध्याकाळी ते आले. दिवे मंद केले, तानपुरा आणि समुद्र, बाकी काही नाही. पहिली चार-पाच मिनिटं ते नुसते ऐकत बसले, बासरी मांडीवर. मग लाट फुटली, फेस पसरला, आणि पाणी मागे जायला लागलं की त्याच्या शेपटाला त्यांनी खालचा षड्ज लावला. पुढची लाट यायच्या आत सोडला. पुन्हा थांबले. असं ४० मिनिटं, एका टेकमध्ये. सतराव्या मिनिटाला तो मोठा विराम येतो तिथे त्यांनी ध प ग रे सा असं उतरत आणलं आणि सा वर थांबले तेव्हाच लाट आपटली. मी कंट्रोलवर होते, माझ्या अंगावर काटा आला. ते ठरवून होत नाही. मी तिथे आवाज कमी-जास्त करणारा एकही फेडर हलवला नाही, आजही तो भाग जसाच्या तसा आहे. आधीच्या व्हर्जनपेक्षा स्वर निम्म्याहून कमी आहेत, आणि पॅड तर पूर्ण काढून टाकला, त्याला जागाच उरली नव्हती.

बुधवारी आजी आल्या. मी कोपऱ्यात बसले होते, त्यांनी मला ओळखलं नसावं. ट्रॅक चालू होता. आत एका दुसऱ्या पेशंटचं ड्रिल सुरू झालं, ऐकू येत होतंच, ते पूर्ण झाकलं जाणारच नाही, पण पाणी मागे जायचं तेव्हा ते त्या सळसळीत बुडायचं आणि मग परत थोडं वर यायचं. आधीसारखं टोचत नव्हतं. आजींचे हात मांडीवर एकावर एक होते. त्यांनी या वेळी नातवाला धरलं नाही. एकदा वर बघितलं फक्त, आणि मग त्यांचं नाव आलं.

पाऊण तासाने बाहेर आल्या, इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर, ओठ एका बाजूला गेलेला. माझ्यासमोर थांबल्या, म्हणजे ओळखलं होतं. बोबडं बोबडंच विचारलं, "खंयचो समुद्र ह्यो?"

म्हटलं वेळणेश्वरचा, गुहागरकडचा.

"तरीच," त्या म्हणाल्या. "आमच्या आचऱ्याचो नाय. आमची वाळू बारीक, तेचो आवाज येगळो."

नातू त्यांना हाताला धरून जिना उतरवत होता, मी तिथेच फोनवर पंचांग उघडलं. फाल्गुन वद्य अष्टमी. गाडीचं बुकिंग केलंय, मालवणजवळ आचऱ्याला पहाटे पाचला पुळणीवर पोचायचं म्हणजे आदल्या रात्रीच जावं लागेल.