मावशीचा मोगरा आणि लंडनचा सल्ला

रविवारी मुलुंडहून मावशीचा फोन येतो आणि ख्यालीखुशाली झाली की विषय कुंड्यांवर येतो. मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत? कढीपत्त्याची पानं पिवळी का पडतात? "अगं, तिकडच्या लोकांना बागेचं एवढं वेड, विचार की कुणाला तरी!" वेड खरंच आहे. पण इथला, म्हणजे मी राहते त्या लंडनचा, सल्ला जसाच्या तसा मुंबईच्या गॅलरीत वापरू नका, हे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे.

आधी उन्हाचं बघा. लंडन साधारण ५१ अंश उत्तरेला, मुंबई १९ अंशांवर. डिसेंबरात इथला दिवस जेमतेम आठ तासांचा, म्हणून इथे जो तो सांगतो, कुंडी दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. मुंबईत मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या गॅलरीत ऊन जवळजवळ येतच नाही, आणि हिवाळ्यात तीच गॅलरी उन्हाने भरून जाते. मावशीच्या मोगऱ्याचं दुखणंही उन्हाचंच. समोर टॉवर उभा राहिला आणि सकाळचं ऊन गेलं. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. फुलं नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी करून शेणखत घालायचं. पण ऊनच नसेल तर खताने काही होत नाही. कुंडी गच्चीवर नेता आली तर उत्तम.

पाण्याचा प्रश्न सगळ्यात मोठा. "आठवड्यातून एकदा पाणी" हे वाक्य इथल्या गारव्यासाठी आहे. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस, तोही बारा महिने थोडा थोडा. मुंबईत २००० मिलिमीटरच्या वर, आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे मे महिन्यात लहान कुंडीला रोज पाणी लागतं आणि जुलैत गच्चीवरच्या कुंडीला एक थेंबही नको. त्यात ग्रिलमधल्या कुंड्यांची वेगळीच गत. बाहेर धो धो पाऊस आणि छज्ज्याखाली माती कोरडी ठक्क! तेव्हा वार बघून नाही, बोट दोन पेरं मातीत घालून ठरवा.

आणि एक गोष्ट नीट समजून घ्या. माती सतत भिजलेली राहिली की तिच्यातली हवा जाते, मुळं गुदमरून कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड तहानलेलं असल्यासारखं मान टाकतं. ते बघून आपण आणखी पाणी घालतो आणि झाड जातं. मान टाकलेलं झाड दिसलं की आधी माती चाचपा, मग कुंडीच्या बुडाचं भोक मोकळं आहे का बघा. इथे कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं, फार कौतुक, पण ते पाणी धरून ठेवतं. मुंबईच्या पावसाळ्यात त्याचं प्रमाण कमीच बरं. लाल माती, शेणखत आणि थोडी जाड वाळू पुरे. पावसाळ्यात कुंडीखालच्या थाळ्या काढून ठेवा. डेंग्यूचा डास तेवढ्याशा साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो, महापालिकेचे लोक बजावतात ते योग्यच आहे.

पानांवर रोज पाण्याचा फवारा मारायचा सल्लाही इथलाच. हिवाळ्यात हीटरने घरातली हवा कोरडी होते म्हणून. मुंबईच्या दमट हवेत पानं सतत ओली राहिली तर उलट बुरशी धरते.

इथल्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानातल्या पाम हाउसमध्ये गेलं की चष्म्यावर लगेच वाफ धरते. केळ, नारळ जगावेत म्हणून १८४८ मध्ये पूर्ण झालेल्या त्या काचघरात अजूनही मुद्दाम ऊब आणि ओलावा राखतात. आपल्याला ही हवा फुकट मिळाली आहे, याचं मला तिथे प्रत्येक वेळी फार अप्रूप वाटतं.

जास्वंदीबद्दल गोरेगावच्या वहिनीने विचारलं होतं. कळीच्या देठाशी कापसासारखं पांढरं दिसतंय आणि खोडावरून मुंग्यांची रांग वर चाललीय, तर तो पिठ्या ढेकूण. त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या येतात. आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. दर आठवड्याला, पांढरं दिसेनासं होईपर्यंत.

कढीपत्ता थंडीत मंदावतो. जुनी पानं पिवळी पडून गळली तर घाबरू नका. फेब्रुवारीत शेंडे खुडा, बाजूने फांद्या फुटतील.

झाडाचा फोटो पाठवाल तेव्हा गॅलरी कोणत्या दिशेला आहे आणि ऊन किती वाजेपर्यंत असतं, तेही कळवा. कुंडीच्या बुडाचाही एक फोटो हवा.