पोतोसीच्या चांदीचे हिशेब आणि अर्थशास्त्रातली नोकरी

स्पॅनिश अमेरिकेचा आर्थिक इतिहास हा पीएच.डी.चा विषय म्हणून सांगितला, की विभागातले लोक पहिल्यांदा विचारायचे, "नोकरी कुठे मिळणार?" प्रश्न रास्तच होता. आज मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवते, आणि तोच प्रश्न मला इमेलवर विचारणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

मला या विषयाकडे ओढलं ते चांदीनं. पुण्यात एम.ए.ला मुघल चलन शिकताना 'चांदी बाहेरून यायची' एवढ्यावर धडा संपायचा. त्यातली पुष्कळशी चांदी आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीची. तिथे १५४५ मध्ये खाण सापडली, तिची नाणी युरोपातून फिरत सुरतेला पोचली आणि टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये पडले. ती कोणाच्या कष्टातून निघाली, स्पेनच्या राजाच्या पदरात किती पडली, हे मला मुळातून वाचायचं होतं. त्यासाठी स्पॅनिश शिकले आणि स्पेनमधलं सेव्हिया शहर गाठलं.

तिथलं 'आर्खिव्हो खेनेराल दे इंदियास' हे दफ्तर तिसऱ्या कार्लोस राजानं १७८५ मध्ये सुरू केलं. पासपोर्ट दाखवला की संशोधकाचं कार्ड मिळतं. स्कॅन झालेले कागद पडद्यावरच पाहावे लागतात. बाकीचे गठ्ठे (तिथे 'लेगाहो' म्हणतात) मागितले की टेबलावर येतात. इथपर्यंत सगळं सोपं.

अवघड असतं ते हस्ताक्षर. सोळाव्या-सतराव्या शतकातले कारकून लेखणी न उचलता ओळ ओढत नेतात, अगदी आपल्या मोडीसारखी. सुरुवातीला एका पानाला अख्खी सकाळ जायची. मग लक्षात आलं, की प्रत्येक नोंदीत तीच ठरीव वाक्यं येतात. ती पाठ झाली की नाव, रक्कम आणि तारीख आपोआप सुटी दिसायला लागतात. रक्कम मजकुरात शब्दांत असते आणि समासात रोमन अक्षरांत, हजाराला इंग्रजी यूसारखी खूण. मी अजूनही दोन्ही ताडून पाहते. चलनाच्या एककांकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं: एका रेआलचे ३४ मारावेदी, आठ रेआलच्या पेसोचे २७२, पण हिशेबातला 'पेसो एन्सायादो' ४५० मारावेदींचा. हे वेगळे पेसो एकाच वहीत भेटू शकतात.

खरी मेख पुढेच आहे. खजिन्याचा हिशेब 'कार्गो' आणि 'दाता' असा मांडतात. कार्गो म्हणजे अधिकाऱ्याच्या नावावर चढवलेली रक्कम, दाता म्हणजे त्यानं दाखवलेला खर्च. गेल्या साली उरलेली शिल्लक पुढच्या सालच्या कार्गोत पुन्हा येऊ शकते. सालोसालच्या कार्गोची नुसती बेरीज केली, तर तोच पैसा दोनदोनदा मोजला जातो आणि खजिना होता त्याहून श्रीमंत दिसतो. माझ्या मार्गदर्शक बाईंचं पालुपदच होतं: "आधी शिल्लक बाजूला काढ, मग उत्पन्नाबद्दल बोल." टेपास्के आणि क्लाइन या इतिहासकारांनी १९८२ मध्ये या हिशेबांचे सारांश छापून आमच्यावर फार मोठे उपकार केले. पण तयार आकडे उतरवून घ्यायचे आणि मूळ वही एकदाही उघडायची नाही, ही पद्धत मला मुळीच पटत नाही.

नोकरीच्या बाबतीत आमच्या पिढीला २०१० मधल्या एका निबंधानं हात दिला. पोतोसीच्या आणि पेरूतल्या वांकाव्हेलिकाच्या (इथे पारा निघे) खाणींसाठी १५७३ ते १८१२ या काळात ठरावीक भागांतल्या गावांना आपल्या प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा सक्तीनं पाठवावा लागे. ही 'मिता'. ज्या भागांवर ती लादली होती, तिथल्या कुटुंबांचा उपभोग आजही सुमारे २५ टक्क्यांनी कमी आहे, असं अर्थतज्ज्ञ मेलिसा डेल यांनी त्या निबंधात दाखवलं. त्यानंतर अर्थशास्त्राचे विभाग आमच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले. मुलाखतीच्या व्याख्यानात मी सुरुवात कागदांनी केली नाही. राज्य कर कसा वसूल करतं, माहिती लपवणाऱ्या अधिकाऱ्यावर राजा हजारो मैलांवरून लक्ष कसं ठेवतो, हा प्रश्न आधी ठेवला. पुढची टेन्युअरची, म्हणजे ठरावीक मुदतीत संशोधन छापून नोकरी कायम करून घेण्याची, वर्षं मात्र जिकिरीची. दफ्तरातलं काम सावकाश चालतं आणि घड्याळ थांबत नाही. एका नियतकालिकानं माझा निबंध दीड वर्ष ठेवून घेऊन परत पाठवला. विषय बदलावासा मात्र वाटला नाही.

तुम्हाला यात यायचं असेल, तर इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्र, पक्कं करा. भाषेची मेहनत त्याची उणीव भरून काढत नाही. मोडी येत असेल तर फारच उत्तम, नजर तयार असते. आणि एक काम मराठी माणसानं करावं अशी माझी फार इच्छा आहे. १५८० ते १६४० पोर्तुगालचा मुकुटही स्पेनच्या राजांकडे होता, म्हणजे गोवाही त्यांच्याच अमलाखाली. पणजीत आणि लिस्बनमध्ये 'मोन्सोएंस'च्या, म्हणजे गोवा-लिस्बन पत्रव्यवहाराच्या, वह्या आहेत. त्यांतली चांदी आणि सेव्हियाच्या नोंदींतली चांदी शेजारी ठेवून पाहायला हवी. त्यासाठी पोर्तुगीजही शिकावी लागेल. कोणी तयार असेल, तर स्पॅनिश कागद वाचून द्यायला मी आनंदानं बसेन.