हलक्या रानातली तूर

कुठल्याही वाटणीत एक तुकडा असा निघतोच, जो कुणालाच नको असतो. वीतभर माती, खाली नुसता मुरूम. तिथं काय पेरायचं यावर फार खल होत नाही. टाका तूर, नाहीतर हुलगा-मटकी. आणि खत? कडधान्याला कसलं खत, ते आपलं आपण बघतं!

हे निम्मं खरं आहे. नत्राचं (नायट्रोजनचं) ते बघतं, पण फुकट नाही. मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू झाडाच्याच साखरेवर जगतात. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान १६ रेणू खर्ची पडतात आणि एटीपी स्फुरदाशिवाय (फॉस्फरसशिवाय) बनत नाही. वर लोह आणि मॉलिब्डेनम लागतं ते वेगळंच. म्हणजे जमिनीत स्फुरद नसला, तर डोक्यावरच्या हवेत भरून राहिलेल्या नत्राचा तुरीला काडीचा उपयोग नाही.

तरीही ती तग धरते, ते मुळांच्या आंबटपणावर. तांबड्या जमिनीत स्फुरद लोहाला घट्ट चिकटून बसलेला असतो. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेत झालेल्या कामातून १९९० साली असं पुढं आलं, की तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात. ते लोहाला धरून ठेवतं आणि स्फुरद मोकळा होतो. काळ्या रानात स्फुरदाची गाठ चुन्याशी असते. तिथं हरभरा सरस, कारण त्याच्या मुळांतून सायट्रिक, मॅलिक अशी आम्लं पाझरतात. मॅलिक आम्लाची ओळख जिभेला आधीपासून आहे: हरभऱ्याच्या पाल्यावरची, पहाटे फडकं फिरवून गोळा करतात ती आंब.

पण आम्ल झालं तरी जमिनीत आहे तेवढंच विरघळवणार. वर्षानुवर्षं नुसतं काढत राहिलेल्या मुरमात स्फुरद तरी किती असणार? तुरीला एकरी १० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद सांगतात, म्हणजे साधारण डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची एक गोणी. ती फोकून देऊ नये. स्फुरद पडल्या जागेवरून फारसा हलत नाही, म्हणून दोन चाड्यांच्या, म्हणजे बी आणि खत एकदम पेरणाऱ्या, पाभरीनं बियाच्या खाली पेरावा. पीक पिवळं दिसलं की युरियाची मूठ मारायचा मोह होतो, तो आवरावा. आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरायचं सोडून देतं.

पिवळेपणाचं कारण शोधायला खुरपं पुरतं. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं, वाफशावर (माती ओलसर पण चिकटत नाही अशा वेळी), एक झाड मातीच्या ढेकळासकट उचलावं आणि बादलीत बुडवून हळूच धुवावं. उपटलं तर गाठी मातीतच राहतात, आणि मग ‘गाठीच नाहीत’ अशी बोंब उठते. एक गाठ नखानं फोडून पाहावी. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या द्रव्याच्या भावकीतला. पांढरी असेल तर ती अजून कोवळी आहे, नाहीतर नुसतीच बसून खाणारी. हिरवट असेल तर तिचे दिवस भरले. पाणी साचलेल्या सरीत गाठी गुदमरतात, तिथं खतानं काही होत नाही, आधी चर काढावा लागतो.

गाठी धरणारे जिवाणू बियाण्याला लावूनही देता येतात. त्या जिवाणू संवर्धकाचं पाकीट २५० ग्रॅमचं, दहा किलो बियाण्याला एक. गुळाचं पाणी गार झाल्यावर त्यात कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळावं, सावलीत सुकवावं आणि त्याच दिवशी पेरावं. बुरशीनाशक लावायचं तर ते आधी. हरभऱ्याचं पाकीट तुरीला चालत नाही, दोघांचे जिवाणू वेगळे. दुकानाच्या तापल्या पत्र्याखाली राहिलेल्या पाकिटात मात्र काळी भुकटी तेवढी उरते.

राहिला बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा पुढच्या पिकाला होणारा फायदा. कडधान्यानंतर ज्वारी चांगली येते हे खरं, पण गाठींनी कमावलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यात जातो आणि दाणा बाजारात. रानाला उरतो तो गळालेला पाला आणि मुळं. तुरीचा पाला भरपूर गळतो, म्हणून तिचा बेवड नावाजलेला. मुगाच्या शेंगा तोडून झाल्यावर उभं पीक गाडलं तर मूगही चांगला बेवड देतो. हरभरा मुळासकट उपटून, खळ्यावर नेऊन, भुसा जनावरांना घातला आणि शेणखतही दुसऱ्याच रानात टाकलं, तर त्या तुकड्याच्या वाट्याला फार काही येत नाही. विळ्यानं कापला तर निदान मुळं जागेवर राहतात.