नाओशिमाचा भोपळा आणि मळीचे बुद्ध

जपानमधल्या नाओशिमा या कलेच्या बेटावर सोमवारी जाऊ नका, असं जो तो बजावतो. चिचू संग्रहालय बंद, ली उफान संग्रहालय बंद, होनमुरा गावातली कलाकृती झालेली जुनी घरंही बंद. मी मुद्दाम सोमवार धरला. मला बघायच्या होत्या त्या समुद्रकाठी कायमच्या उघड्यावर मांडलेल्या कलाकृती, आणि त्यांना सुट्टी नसते. शिवाय सोमवारी गर्दी कमी, हा फायदा वेगळाच.

ओकायामाजवळच्या उनो बंदरातून बोट वीसेक मिनिटांत मियानोउराच्या धक्क्याला लागते. होन्शू आणि शिकोकू या जपानच्या दोन मोठ्या बेटांमध्ये सापडलेला हा सेतोचा समुद्र. लाटा नावालाच आणि जिकडे बघावं तिकडे बेटं. उतरल्या उतरल्या जपानी कलावंत यायोई कुसामा यांचा लाल भोपळा दिसतो, 2006 सालचा. त्यावरच्या काळ्या ठिपक्यांपैकी काही म्हणजे चक्क भोकं आहेत आणि आत शिरता येतं. पोरं भोकांतून हात बाहेर काढून आईबापांना हाका मारत होती. लेकीकडून भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी मराठी माणसाला इथे आठवली नाही तरच नवल! जवळच वास्तुकार सोऊ फुजिमोतो यांनी 2015 मध्ये स्टीलच्या जाळीच्या त्रिकोणांतून उभा केलेला पांढरा पॅव्हिलियन आहे. नाओशिमाच्या हद्दीत लहानमोठी 27 बेटं आहेत. हे अठ्ठाविसावं, अशी त्यामागची कल्पना. कल्पना झकास आहे, वस्तू ठीकठाक.

बंदरावर भाड्याने घेतलेली सायकल त्सुत्सुजीसो या बसथांब्यापर्यंतच चालते. पुढे बेटावरचे कलाप्रकल्प चालवणाऱ्या बेनेसे कंपनीचा परिसर, तिथे सायकलींना मज्जाव. चालत निघालात की काही मिनिटांत तो दिसतो: जुन्या धक्क्याच्या टोकावर, पाण्याच्या अगदी काठाला, कुसामा यांचाच पिवळा भोपळा. 1994 पासून तो इथे आहे. म्हणजे होता. ऑगस्ट 2021 च्या वादळात लाटांनी त्याला उचलून समुद्रात फेकलं आणि फोडला. एरवी वादळाची चाहूल लागली की तो आधीच हलवून ठेवत. त्या वेळी ते जमलं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच जागी नवा बसवला.

म्हणजे आज आपण बघतो तो मूळ भोपळा नव्हेच. मला त्यात काही वावगं वाटत नाही. गावाकडच्या देवळाचा कळस तरी मूळचा कुठे असतो? जवळून बघितलं तर ठिपक्यांची गंमत कळते. फुगवट्याच्या मध्यावर मोठे ठिपके आणि खाचेकडे जाताना ते बारीक होत होत मोहरीएवढे. कुसामा यांच्या घरी बियाणं-रोपांचा व्यवसाय होता, लहानपणापासून त्यांनी भोपळे पाहिलेले. फोटोसाठी रांग होती, पण शिस्तीची. तुमच्या मागचा माणूस न सांगता तुमचा फोन हातात घेतो, फोटो काढतो, वाकून परत देतो.

पुढचा किनारा मात्र बहुतेकांकडून सुटतो. शिन्रो ओताके यांचा जहाजाच्या मागल्या भागाचा आकार तिथे आहे, मधोमध भोक पडलेला. गोदीतून काहीतरी वाहून येऊन इथे अडकलंय असंच वाटतं. पुढे वॉल्टर डी मारिया यांचे ग्रॅनाइटचे दोन प्रचंड गोळे, समुद्राकडे तोंड करून बसलेले. इतके गुळगुळीत की आख्खा समुद्र त्यांत वाकून दिसतो आणि त्यासमोर आपण, बुटके नि पोट सुटलेले. वर वास्तुकार तादाओ आंदो यांच्या बेनेसे हाउस या संग्रहालयाच्या उघड्या सज्जाच्या भिंतींवर हिरोशी सुगिमोतो यांनी काढलेले जगभरच्या समुद्रांचे कृष्णधवल फोटो लावलेत. प्रत्येकात अर्धं आकाश, अर्धं पाणी. फोटो म्हटला की काचेआड, अंधूक उजेडात ठेवायची वस्तू. हे ऊनपाऊस खात भिंतीवर आहेत आणि ते जाणूनबुजून.

पण माझ्या मते नाओशिमा कळतं ते भोपळ्यापाशी नव्हे, व्हॅली गॅलरीपाशी. 2022 साली उघडलेली आंदो यांची ही वास्तू टेकड्यांच्या बेचक्यात आहे. तळ्यात आणि गवतावर कुसामा यांचे आरशासारखे चकचकीत गोळे विखुरलेत, लोक तिकडेच धावतात. तळ्याच्या काठाला त्सुयोशी ओझावा यांचे 88 बुद्ध बसलेत. काळपट, खरबरीत. ते दगडाचे नाहीत, मातीचेही नाहीत. ते कचऱ्याचे आहेत.

शेजारच्या तेशिमा बेटावर 1970 च्या दशकापासून 1990 पर्यंत बेकायदा औद्योगिक कचरा टाकला गेला. गावकरी वर्षानुवर्षं लढले, 2000 साली कागावा प्रांताशी समझोता झाला आणि नऊ लाख टनांहून अधिक कचरा व दूषित माती उपसावी लागली. ती बोटीने नाओशिमाला आणून भट्टीत वितळवली. हे काम 2017 पर्यंत चाललं. भट्टीतून उरलेली मळी, म्हणजे स्लॅग, हेच या बुद्धांचं शरीर. 88 हा आकडा शिकोकूच्या तीर्थयात्रेतल्या देवळांचा. नाओशिमावरही जुन्या काळापासून तशाच 88 मूर्ती जागोजागी आहेत.

हा कचरा नाओशिमालाच का आला? कारण भट्ट्यांची सवय या बेटाला होतीच. उत्तरेला 1917 पासून मित्सुबिशीचा तांबं गाळायचा कारखाना आहे. त्याच्या धुराने एके काळी तिकडच्या टेकड्या बोडक्या झाल्या. बेनेसे कंपनीचं संस्थापक फुकुताके कुटुंब आणि आंदो यांनी दक्षिणेला कलेचा संसार थाटला तो 1990 च्या आसपास, तोवर बेटाची ओळख धुराचीच होती. पर्यटनाच्या माहितीपत्रकात हे फारसं येत नाही, येणारही नाही. पण ओझावांनी ते सगळं तळ्याकाठी ओळीने बसवून ठेवलंय.

एक व्यवहाराची गोष्ट. व्हॅली गॅलरी आणि बेनेसे हाउस सोमवारीही उघडे असतात आणि दोन्हींना एकच तिकीट चालतं. नाओशिमाहून तेशिमाला बोटी आहेत, पण मोजक्याच. परतीची वेळ आधी बघून ठेवा. तिथलं प्रसिद्ध कला संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेव्हा सोमवारी नाओशिमा केलंत तर तेशिमाला बुधवारी जा. तेही हिवाळा सोडून, कारण हिवाळ्यात ते आठवड्यातले आणखी काही दिवस बंद असतं.