ॲप झालं, गाडी कुठाय?

दादा टॅक्सी चालवतो. ज्या ॲपवरून भाडी मिळायची, त्यावरचा त्याचा आयडी बंद झाला त्या रात्री त्याने मला फोन केला. रडगाणं नव्हतं, सरळ काम सांगितलं. "एवढी वर्षं कीबोर्ड बडवतोयस, आम्हाला एक ॲप करून दे. गाडी आमची, डिझेल आमचं, मग ॲप दुसऱ्याचं कशाला?" कुठल्याशा पॅसेंजरने तक्रार केली होती. काय केली, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पलीकडे माणूसच नव्हता; ठरावीक उत्तरांचे मेसेज येत राहिले.

मी हो म्हणालो, कारण काम सोपं वाटलं. आणि ॲपपुरतं ते सोपंच निघालं. नकाशाला ओपनस्ट्रीटमॅप, रस्ता काढायला ओएसआरएम, दोन्ही फुकट वापरता येतात. प्रत्येक फोनने दर पाच सेकंदांनी आपली जागा सर्व्हरला कळवायची, सर्व्हरने सगळ्यांत जवळच्या रिकाम्या गाडीत घंटा वाजवायची. पॅसेंजरला कुठे जायचंय ते भाडं घेण्याआधीच दिसणार, ही दादाची एकमेव अट. तीन आठवड्यांत झालं. (खरा छळ फोनने केला. बॅटरी वाचवायच्या नादात तो मागे चालू असलेलं ॲप झोपवायचा आणि धावती गाडी नकाशावर एकाच चौकात उभी दिसायची. चार रात्री त्यात गेल्या.)

पहिल्या शनिवारी दादासकट बावीस जण ऑनलाइन बसले. संध्याकाळभरात अकरा जणांनी गाडी मागितली, मिळाली चौघांना. बाकीच्यांना 'अठरा मिनिटं' दिसली आणि त्यांनी ॲप बंद केलं. मीही केलं असतं.

मग कागद घेऊन बसलो. शहर तेवढंच ठेवलं आणि रिकाम्या गाड्या चौपट केल्या, तर जवळची गाडी साधारण निम्म्या अंतरावर येते. म्हणजे अठराची नऊ मिनिटं करायला बावीसचे अठ्ठ्याऐंशी ड्रायव्हर हवेत, तेही एकाच वेळी आणि रिकामे. रिकामं बसायला कोण तयार होणार? दुसऱ्याच आठवड्यात दादा स्वतः दुसऱ्या एका ॲपवर भाडं मारताना सापडला. "हप्ता कोण भरणार, तू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इतरांनी काय केलं ते तेव्हा कुठे वाचायला घेतलं. आधी वाचायला हवं होतं, पण प्रोग्रामरची जात.

अमेरिकेतल्या ऑस्टिनची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. मे २०१६ मध्ये ड्रायव्हरांच्या बोटांचे ठसे तपासण्याच्या नियमावर मतदान झालं, नियम टिकला, आणि उबर, लिफ्ट या दोन्ही टॅक्सी-ॲप कंपन्यांनी शहर सोडलं. महिन्याभरात 'राइडऑस्टिन' ही ना-नफा संस्था उभी राहिली. मैदान मोकळं, पॅसेंजर आयते. तिचा जम बसला. वर्षभरात राज्याने कायदा करून शहराचा नियम निकालात काढला, दोन्ही कंपन्या परतल्या आणि राइडऑस्टिनच्या फेऱ्या घसरल्या. २०२० मध्ये महामारीत ती बंदच झाली. ॲप तेच होतं हो. बदललं होतं ते फक्त शेजारी कोण उभं आहे.

बंगळुरूत नोव्हेंबर २०२२ मध्ये 'नम्मा यात्री' आलं ते रिक्षाचालकांच्या युनियनला बरोबर घेऊन. पहिल्या दिवशी ड्रायव्हर कुठून आणायचे, हा माझा प्रश्न त्यांना तितका पडला नसावा. कमिशन नाही, पुढे दिवसाला २५ रुपये अशी फी आली. कोडही सगळ्यांना खुला. मी दादाला हे उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "पण बनवलं कंपनीनेच ना?" हो, कंपनीनेच. २०२४ मध्ये त्यात गूगलसकट गुंतवणूकदारांचे पैसेही आले. दादाला फसवणं कठीण आहे.

न्यूयॉर्कच्या 'ड्रायव्हर्स कोऑपरेटिव्ह'चं उलट. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत ड्रायव्हरच मालक, प्रत्येकाला एक मत, आणि सुरुवातीला कमिशन १५ टक्के. "पंधरा? मग फरक काय?" दादा उखडला. मला मात्र ते प्रामाणिक वाटलं. सर्व्हरचं बिल येतं, रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्याला पगार लागतो. आमच्याकडे तो फोन वहिनी उचलत होती, फुकट. हे शून्य कमिशन तिच्या झोपेतून वळतं होत होतं.

न्यूयॉर्कवाल्यांनी रस्त्यावरच्या भाड्यांवरच भिस्त न ठेवता अपंग आणि आजारी प्रवाशांच्या ठरलेल्या फेऱ्याही घेतल्या. तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून तीनदा, त्याच वेळी, त्याच दारातून निघतो. त्याला आत्ता, या मिनिटाला गाडी नको असते. उद्या सकाळी सहाला नक्की हवी असते. त्याला बावीस गाड्या रग्गड झाल्या. मी ॲपमधलं 'जवळची गाडी' बटण काढून टाकलं आणि आदल्या दिवशी भरायचं वेळापत्रक घातलं. घंटा वाजणं थांबलं. दादाच्या भाषेत सांगायचं तर आता ते ॲप नाही, वही आहे. पण पुरे पडतंय: आज एकोणीस पेशंट आहेत आणि दोन फिजिओथेरपीवाले. दुपारी मात्र सगळे अजून मोठ्या ॲपवरच असतात, आणि ते मी आता मनाला लावून घेत नाही.

गेल्या महिन्यात आमची पहिली तक्रार आली. एक ड्रायव्हर दोनदा उशिरा पोचला आणि पेशंटच्या मुलीवर ओरडला. तिघांची समिती नेमलेली आहे, त्यात दादा. तो ड्रायव्हर दादाचा वीस वर्षांचा दोस्त. समितीची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली. मुलीने पुन्हा फोन केला, वहिनीने घेतला, आणि फोन ठेवून दादाकडे नुसतं बघितलं.

त्या रात्री उशिरा दादाचा मला फोन. इकडचं तिकडचं बोलला, गाडीच्या क्लचचं सांगितलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "ऐक ना, आयडी बंद करायचं बटण आहे का रे आपल्यात?"